भरलेल्या बटाट्याच्या कुरकुरीत साली: पहिल्यांदा घरी करणाऱ्यांसाठी

भाजलेल्या बटाट्याचे दोन भाग करून आतला बराचसा गर काढून टाकायचा, उरलेली सालीची वाटी पुन्हा भाजून कुरकुरीत करायची आणि तिच्यात चीज, बेकन, कांद्याची पात घालून वर आंबट क्रीमचा गोळा ठेवायचा, असा हा अमेरिकन पदार्थ आहे. तो तिकडच्या रेस्टॉरंटांत १९७० च्या दशकात रुळला आणि त्याचे श्रेय एकाहून अधिक रेस्टॉरंटे आपापल्याकडे घेतात. आता पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्येही तो ‘पोटॅटो स्किन्स’ या नावाने मिळतो. घरी करून पाहणाऱ्या बहुतेकांची तक्रार मात्र एकच असते: चव जमते, पण वाटी मऊ पडते, आणि उचलायला जावे तर मधोमध वाकून सारण ताटात सांडते.

याचे कारण सारणात शोधू नये. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे पुढे जात नाही. खरपूस तांबूस रंग आणि कुरकुरीतपणा येण्यासाठी ते साधारण १४० अंशांच्या वर जावे लागते. म्हणजे या पदार्थाची जवळजवळ सगळी कृती ही पाणी घालवण्याची आणि घालवलेले पाणी परत येऊ न देण्याची कृती आहे. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने वाचावी, म्हणजे एखादी वस्तू किंवा साधन नसेल तेव्हा काय बदलले तर चालेल आणि काय बदलले तर बिघडेल, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

आधी हाताशी काय हवे

चार माणसांना पुरेल असे प्रमाण देत आहे. सारखे, लांबट आणि प्रत्येकी २०० ते २५० ग्रॅमचे सहा बटाटे. तीन मोठे चमचे पातळ केलेले तूप. मीठ आणि जाडसर मिरपूड. १५० ग्रॅम किसलेले चीज. कांद्याच्या पातीच्या चार-पाच काड्या. १५० ग्रॅम चक्का. आणि आवडीप्रमाणे बेकन किंवा त्याऐवजी काही खमंग.

साधनांत ओटीजी (घरगुती विजेचा छोटा ओव्हन) किंवा एअर फ्रायर, ट्रेवर बसणारी जाळी, तूप लावायचा ब्रश, धारदार सुरी, काटा, पातळ कडेचा छोटा चमचा आणि एक कोरडे सुती फडके लागते. जाळीकडे दुर्लक्ष करू नये. सपाट ट्रेवर ठेवलेल्या वाटीखाली वाफ अडकते आणि तेवढाच भाग ओला राहतो.

१. बटाटा निवडणे

अमेरिकेत या पदार्थासाठी रसेट जातीचा बटाटा वापरतात. त्याची साल जाड व खरबरीत असते, त्यात पिठूळपणा जास्त आणि पाणी तुलनेने कमी असते. तुम्ही अमेरिकेत किंवा कॅनडात राहत असाल तर ‘रसेट’ लिहिलेली पिशवी उचलून थेट पुढच्या पायरीकडे जावे. इंग्लंडमध्ये मारिस पायपर किंवा किंग एडवर्ड घ्यावा. भारतात मात्र जातीचे नाव लिहून बटाटा क्वचितच विकला जातो, त्यामुळे इथे जरा थांबावे लागते.

शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ या जाती खास वेफरसाठी प्रसारित केल्या. घन अंश जास्त आणि साखर कमी असलेल्या अशाच जाती आपल्या कामाच्या. याउलट कुफरी पुखराज लवकर येतो आणि भरपूर पिकतो, पण त्यात पाणी जास्त असते. तो रस्सा भाजीत चांगला लागतो, आपल्या वाटीला मात्र ओलसर ठेवतो. भाजीवाल्याला जातीचे नाव विचारण्यापेक्षा ‘वेफरला चालेल असा बटाटा आहे का’ असे विचारावे. मंडईतल्या बटाटेवाल्यांना हा प्रश्न नेमका कळतो, कारण उन्हाळ्यात वाळवणासाठी वेफर करणारी निम्मी गिऱ्हाइके हेच विचारत असतात.

खात्री करायची असेल तर घरी एक सोपी चाचणी करता येते. एक वाटी मिठाला अकरा वाट्या पाणी या मापाने मिठाचे पाणी करावे, मीठ पूर्ण विरघळू द्यावे आणि त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा जड असल्यामुळे तळाशी जातो आणि पाणीदार बटाटा तरंगतो. तळाशी गेलेले बटाटे या पदार्थाला घ्यावेत, तरंगणारे रश्श्याला.

सालीचाही विचार करावा लागतो. पावसाळा संपताना बाजारात येणारा नवा खरीप बटाटा, उदाहरणार्थ आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा, चवीला सुरेख असतो. पण त्याची साल कोवळी असते आणि अंगठ्याने चोळली तरी निघते. वाटी उभी राहण्यासाठी काढणीनंतर मुरलेली, घट्ट बसलेली साल हवी. अंगठ्याने चोळून साल सुटली नाही तर तो बटाटा घ्यावा.

तिसरी अडचण थंडीची. शीतगृहातून नुकत्याच बाहेर आलेल्या किंवा घरी फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यातल्या पिठाची थंडीमुळे साखर होऊ लागते. असा बटाटा कुरकुरीत होण्याआधीच काळपट पडतो आणि कडसर-गोड लागतो. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. आणलेले बटाटे चिरल्यावर गोडसर लागत असतील तर उरलेले आठ-पंधरा दिवस अंधाऱ्या, हवेशीर जागी टोपलीत ठेवावेत. त्यातली बरीचशी साखर कमी होते.

हिरवट झालेला किंवा मोड आलेला बटाटा या पदार्थासाठी अजिबात वापरू नये. एरवी साल काढून आपण असे बटाटे खपवतो, पण इथे सालच खायची आहे, आणि सोलॅनीनसारखी विषारी द्रव्ये सालीत व मोडांजवळच सर्वांत जास्त असतात. ती भाजण्याने किंवा तळण्याने जात नाहीत.

२. धुणे आणि कोरडे करणे

बटाटे वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून धुवावेत, डोळ्यांतली माती सुरीच्या टोकाने काढावी, फडक्याने पुसावेत आणि पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत. मग प्रत्येक बटाट्याला काट्याने सात-आठ ठिकाणी टोचावे, म्हणजे आतली वाफ बाहेर पडायला वाट राहते. या टप्प्यावर तेल किंवा तूप लावायची गरज नाही.

३. पहिल्यांदा भाजणे

ओटीजी २०० अंशांवर, वरची आणि खालची अशी दोन्ही कॉइल चालू ठेवून, पंधरा मिनिटे आधी तापवावा. बटाटे मधल्या कप्प्यातल्या जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडावेत आणि ५० ते ६५ मिनिटे भाजावेत. पंखा असलेला ओव्हन असेल तर तापमान २० अंशांनी कमी ठेवावे. लहान ओटीजीमध्ये कॉइलजवळची बाजू आधी करपते, म्हणून निम्मा वेळ झाल्यावर बटाटे फिरवून जागा बदलाव्यात. सहा बटाटे दाटीने बसत असतील तर दोन खेपा कराव्यात, कारण त्यांतून निघणारी वाफ छोट्या ओव्हनमध्ये कोंडून राहते आणि भाजण्याऐवजी उकडण्याचे काम सुरू होते.

झाले की नाही हे घड्याळापेक्षा बटाट्यावरून ओळखावे. पातळ सळई मधोमध खुपसली तर अडथळा न होता आरपार गेली पाहिजे आणि बाहेर येताना कोरडी आली पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतले तापमान ९८ अंशांच्या आसपास दिसावे.

बटाटे अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून भाजण्याची सवय बऱ्याच जणांना असते, कारण हॉटेलात भाजलेला बटाटा तसा येतो. या पदार्थासाठी ती मोडावी लागेल. फॉइलमध्ये वाफ कोंडते, साल ओली होऊन सुटते, आणि मग पुढे कितीही भाजले तरी ती पूर्वपदावर येत नाही. कुकरमध्ये पाण्यात बुडवून उकडलेल्या बटाट्याची गत याहून वाईट, कारण त्याची साल तडकलेली असते आणि गराने वर आणखी पाणी घेतलेले असते.

४. कापणे आणि कोरणे

बटाटे बाहेर काढल्यावर ते निवायची वाट पाहत बसू नये. फडक्यात धरून लगेच लांबीच्या बाजूने दोन भाग करावेत. कापताक्षणी आतून वाफेचा लोट येतो. बटाटा अख्खा निवू दिला असता तर हीच वाफ सालीच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसली असती. कापलेले अर्धे भाग तोंड वर करून जाळीवर दहा मिनिटे ठेवावेत, म्हणजे हाताला सोसवतील.

आता चमच्याने गर काढायचा. कडेपासून साधारण अर्धा सेंटिमीटर आत चमच्याच्या टोकाने आधी चौफेर रेघ मारून घ्यावी आणि मग मधला भाग उचलावा. सालीला लागून अर्धा ते पाऊण सेंटिमीटर जाडीचा गर राहिलाच पाहिजे. इथे दोन्ही बाजूंनी चुकण्याची शक्यता असते. कागदासारखी पातळ वाटी कुरकुरीत होईल या समजुतीने सगळा गर खरवडला, तर नुसती साल उरते. ती भाजल्यावर चामट आणि कडवट होते व सारणाच्या वजनाने फाटते. वास्तविक कुरकुरीतपणा सालीपेक्षा तिला चिकटलेल्या गराच्या थरातून येतो. त्या थरातले पाणी जाऊन पिठाचे कवच होते आणि दाताखाली जो आवाज येतो तो त्याचाच असतो. उलट एक सेंटिमीटरपेक्षा जास्त गर ठेवला, तर बाहेरून रंग येतो आणि आत साधा भाजलेला बटाटा राहतो.

बटाट्याची सगळी पौष्टिकता सालीत असते असे ऐकू येते. सालीत चोथा जास्त असतो हे खरे, पण पोटॅशियम आणि क जीवनसत्त्वाचा मोठा वाटा गरात असतो. त्यामुळे काढलेला गर वाया घालवू नये. त्याचे काय करायचे ते शेवटी सांगितले आहे.

५. दुसऱ्यांदा भाजणे

पदार्थ जमतो किंवा फसतो तो या पायरीवर, आणि पाहुणे दारात आले की सर्वांत आधी हीच पायरी आटोपती घेतली जाते.

ओटीजीचे तापमान २२० ते २३० अंशांवर न्यावे. वाट्यांना आतून, बाहेरून आणि विशेषतः कडांना ब्रशने तूप लावावे. अमेरिकन कृतींमध्ये वितळवलेले बटर लावायला सांगतात, पण बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असते आणि त्यातले दुधाचे कण इतक्या तापमानाला करपतात. साजूक तूप म्हणजे हे पाणी आणि हे कण काढून टाकलेले बटरच असल्यामुळे ते जास्त ताप सोसते, आणि बटाट्याशी त्याची चवही जमते. माझ्या मते या एका बाबतीत आपले स्वयंपाकघर मूळ कृतीच्या पुढे आहे. तूप नको असेल तर शेंगदाण्याचे रिफाइंड तेल चालते. तूप किंवा तेल लावून झाल्यावरच मीठ आणि मिरपूड भुरभुरावी, म्हणजे मीठ जागेवर चिकटून राहते.

वाट्या आधी पालथ्या, म्हणजे साल वर करून, जाळीवर मांडाव्यात आणि दहा मिनिटे भाजाव्यात. या स्थितीत आत सुटलेले तूप खाली ट्रेमध्ये गळते. म्हणून जाळीखाली ट्रे हवाच, नाहीतर ते कॉइलवर पडून धूर होईल. नंतर वाट्या उलटून, तोंड वर करून, आणखी आठ ते बारा मिनिटे भाजाव्यात. कडा गडद सोनेरी झाल्या पाहिजेत, आतला भाग बोटाला कोरडा लागला पाहिजे आणि चमच्याने सालीवर टिचकी मारल्यावर पोकळ, कडक आवाज आला पाहिजे. ठप्प असा मऊ आवाज आला तर रंग कितीही छान दिसत असला तरी वाट्या पुन्हा आत ठेवाव्यात. मात्र काळसर तपकिरी होईपर्यंत थांबू नये. पिठूळ पदार्थ फार करपवल्यास त्यात अॅक्रिलामाइड हे नको असलेले द्रव्य वाढते, आणि चवही कडू होते.

एअर फ्रायरमध्ये हे काम लवकर होते. २०० अंशांवर प्रत्येक बाजूला चार ते सहा मिनिटे पुरतात, पण वाट्या एकाच थरात हव्यात. एकावर एक रचल्या तर खालच्या वाट्या वरच्यांच्या वाफेत मऊ पडतात.

६. सारण

सारणाचा नियम एवढाच की वाटीत जाणारी प्रत्येक वस्तू कोरडी किंवा आधी परतून पाणी आटवलेली असावी. चिरलेला टोमॅटो, ओली सिमला मिरची, रस्सा असलेली उसळ किंवा पावभाजीची पातळ भाजी घातली की वीस मिनिटांची मेहनत दोन मिनिटांत भिजते. टोमॅटो हवाच असेल तर बिया काढून, बारीक चिरून, वाढताना वरून घालावा.

मूळ पदार्थात चेडर चीज घालतात. आपल्याकडे सहज मिळणारे प्रोसेस्ड चीज मऊ होते, पण त्याला तार सुटत नाही. मोझरेलाला तार सुटते, पण तिला स्वतःची चव कमी. दोन्ही निम्मे निम्मे किसून घेतले तर काम भागते. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ भरपूर असते, म्हणून वाट्यांवर मीठ घालताना हात आखडता ठेवावा. किसलेले चीज भरून वाट्या पुन्हा तीन-चार मिनिटे, चीज वितळून बुडबुडे येईपर्यंतच, ओव्हनमध्ये ठेवाव्यात. जास्त वेळ ठेवल्यास चीजमधले तेल सुटते.

बेकन घालायचे तर आधी मंद आचेवर चरबी सुटेपर्यंत परतून, कागदावर निथळवून, चुरून घालावे. गोव्याचा चोरिस, म्हणजे तिथले मसालेदार सॉसेज, मिळत असेल तर आवरण काढून तसाच परतून घ्यावा. त्याचा आंबटपणा आणि तिखटपणा बटाट्याला बेकनपेक्षा जास्त शोभतो, फक्त सुटलेली तांबडी चरबी वाटीत ओतू नये. शाकाहारी घरात कुरकुरीत तळलेल्या लसणाच्या चकत्या किंवा कोरडे होईपर्यंत परतलेले मक्याचे दाणे घालावेत. पनीर घालायचा मोह होतो, पण त्याने वाटीत फक्त मऊपणाची भर पडते.

आंबट क्रीमच्या जागी चक्का उत्तम. दुग्धालयात तयार मिळतो. नाहीतर घट्ट दही मलमलच्या फडक्यात पाच-सहा तास टांगून घरी करावा. चक्क्यात मीठ आणि चिमूटभर मिरपूड घालून तो फेटून घ्यावा. हा सगळ्यात शेवटी, वाटी पानात जाताना, चमचाभरच ठेवायचा आणि त्यावर कांद्याची पात पेरायची. साधे दही वापरू नये, त्याला पाणी सुटते.

७. वाढणे

भरलेल्या वाट्या पाच-सात मिनिटांत खाल्ल्या गेल्या पाहिजेत. लोक जमेपर्यंत गरम राहाव्यात म्हणून त्या झाकणाच्या कॅसरोलमध्ये भरून ठेवणे ही आपल्याकडची हमखास चूक आहे. पोळ्यांना जी वाफ मऊ ठेवते तीच वाफ या वाट्यांनाही मऊ करते. उशीर होणार असेल तर रिकाम्या वाट्या १०० अंशांवरच्या ओव्हनमध्ये, दार किंचित उघडे ठेवून, अर्धा तास थांबवता येतात. चीज भरणे तेवढे पुढे ढकलावे.

ओव्हन किंवा एअर फ्रायर नसेल तर

बटाटे टोचून मायक्रोवेव्हमध्ये शिजवावेत. २०० ग्रॅमच्या दोन बटाट्यांना आठ ते दहा मिनिटे लागतात आणि मध्ये एकदा उलटावे लागतात. तेही नसेल तर कुकरमध्ये स्टँडवर, पाण्याला न टेकता, दोन-तीन शिट्ट्यांत वाफवावेत. वर सांगितल्याप्रमाणे कापून कोरल्यावर या वाट्या पंख्याखाली निदान अर्धा तास सुकवाव्यात, कारण यांच्यात ओल जास्त असते. मग १८० ते १९० अंशांच्या तेलात, एका वेळी तीन-चारच, सोनेरी तळाव्यात. ब्रेडचा तुकडा टाकताच वर येऊन अर्ध्या-पाऊण मिनिटात तांबूस झाला तर तेल पुरेसे तापले आहे असे समजावे. ओल्या वाट्या घातल्यास तेल उडते, तेव्हा सुकवण्यात कुचराई नको. तळणे ही काही पळवाट नाही. अनेक रेस्टॉरंटांत वाट्या तळूनच करतात. झाल्यावर त्या जाळीवर पालथ्या घालून निथळवाव्यात आणि तव्यावर झाकण ठेवून, अगदी मिनिटभरच, चीज वितळवावे.

आदल्या दिवशी काय करून ठेवता येते

पहिल्यांदा भाजून, कोरून झालेल्या वाट्या पूर्ण निववून डब्यात एकेरी थरात ठेवल्या तर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात, आणि फ्रिजची कोरडी हवा त्यांना थोडी सुकवतेही. त्यासाठी पहिले काही तास डबा उघडा ठेवावा. दुसऱ्यांदा भाजणे मात्र खाण्याच्या वेळीच करावे आणि थंड वाट्यांना प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटे जास्त द्यावीत. भाजलेले बटाटे अख्खे, फॉइलमध्ये गुंडाळून ओट्यावर रात्रभर ठेवू नयेत. त्यात अन्नविषबाधा करणारे जंतू वाढू शकतात.

उरलेला गर हा खरे तर बोनसच आहे. भाजलेला असल्यामुळे तो उकडलेल्या बटाट्यापेक्षा कोरडा असतो, म्हणून वड्याच्या किंवा कटलेटच्या सारणाला ब्रेडचा चुरा न घालताही तो बांधून येतो. उपासाच्या थालीपिठासाठीही साबुदाण्याबरोबर तो चांगला मळला जातो. गरम असतानाच तो पुरणयंत्रातून काढून ठेवावा, कारण निवल्यावर त्यातल्या गाठी मोडत नाहीत.